माझ्या घरचे अकरा गणपती

इब्रामपूर, बुधवार

तीर्थस्वरूप गोकुळदासदादांस,

धाकट्या शिवदासचा नार्व्याच्या दिशेने तोंड करून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे? गणपतीवरच्या माटोळीला टांगायच्या फळापानांची जमवाजमव सुरू झालीच असेल. सहा वर्षांनी हे अक्षर पाहून पाकीट उलटसुलट करू नका, मीच आहे.

इथल्या देवळाच्या अग्रशाळेत दर रविवारी मी बालसंस्कार वर्ग घेतो, हे तुमच्या कानांवर असेलच. (सहा वर्षांमागे चवथीला भर पंगतीत तुम्ही चारचौघांत म्हणालात, "शिवदासाक पुजेतलें कांय कळना." अर्धी नेवरी पानात टाकून मी निघून आलो आणि त्याच रागात हा वर्ग काढला. असो, मी ते केव्हाच विसरलो.) यंदा चवथीनिमित्त मुलांना प्रकल्प दिला, स्वतःच्या हाताने मातीचा गणपती. अकरा मुलांनी अकरा केले. सोंड उभी राहीना म्हणून साईशने आत दात घासायचा ब्रश घातला. छोट्या गौरवीच्या गणपतीचा एक कान एवढा मोठा, की देव त्याच बाजूला कलतो. ती म्हणते, तो ऐकतोय.

इथवर ठीक होते. पण मी पोथी काढली आणि पूजेचे प्रात्यक्षिक करायला बसलो. त्यात इतका रंगलो, की मुलांच्या डोळ्यांदेखत अकराही गणपतींची प्राणप्रतिष्ठा करून मोकळा झालो. दूर्वा, अक्षता, मंत्र, काही म्हणता काही सोडले नाही.

वर्ग सुटल्यावर पालक न्यायला आले. साईशच्या आजोबांनी, सगुणबाबांनी, हात जोडले (गणपतीला, मला नव्हे). "मास्तर, आमगेर चवथीक एक गणपती येता. प्राण घातिल्लो दुसरो घरा कसो व्हरूं?" एका घरात दोन गणपती नकोत, म्हणून मग एकेक जण नमस्कार करून, मूल उचलून, गणपती ठेवून गेला. मी दीड दिवसाने विसर्जन सुचवले, तर चवथीआधीच बाप्पा बुडवणार म्हणून अकरा मुलांनी असा गळा काढला, की देवळाचे पुजारी धावत आले.

तेव्हा सध्या सगळे आमच्याकडे आहेत. सौ. विनोदिनी दोन्ही वेळा अकरा पाने वाढते, अकरा जणांशी गोड बोलते आणि माझ्याशी अजिबात बोलत नाही. नैवेद्य मात्र शेवटी मलाच संपवावा लागतो.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
शिवदास

ता. क. मुद्द्याचे राहिले. पूजेतले जाणते तुम्ही. दोन ओळी लिहून द्या, की शिवदासाला पूजेतले काही कळत नाही, त्याने केलेली प्रतिष्ठा लागलीच नाही. पालकांना वाचून दाखवीन, म्हणजे मुले आपापला गणपती घरी नेतील. सही ठळक करा.

आणखी ता. क. खरे सांगतो दादा, देव बसलेल्या घराला कुलूप लावता येत नाही, आणि मला चवथीला नार्व्याला यायचे आहे. आपला गणपती सहा वर्षे पाहिला नाही, फार आठवण येते. काल आरतीनंतर कोणी नाहीसे पाहून मी गौरवीच्या गणपतीच्या त्या मोठ्या कानात सांगितले, दादाचे उत्तर येऊ दे. तेव्हा निदान त्या एकाची प्रतिष्ठा लागली की नाही, ते मला तुमच्या पत्रावरूनच कळेल.