बंडू नावडेकरचा पत्ता

अहो,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले आणि आज पहिल्यांदा लिहायला बसले आहे. रडायला नाही, भांडायला! काल तुमच्या गिटारवाल्या ग्रुपमधल्या दोघी घरी येऊन गेल्या आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्या बंडू नावडेकरला शोधत आल्या होत्या.

बेल वाजली तेव्हा मी नेहमीसारखं आधी भिंगातून पाहिलं. दोन अनोळखी बायका, एकीच्या हातात सफरचंदांची पिशवी. मी सेफ्टी डोअर न उघडताच सुरुवात केली. कोण तुम्ही? कुठून आलात? खाली वॉचमनच्या वहीत नाव लिहिलंत का? चांगली पाच मिनिटं उभं केलं बिचाऱ्यांना. तुम्ही असतात तर आतून ओरडला असतात, "शालन, अगं दार उघड, दरोडेखोर सफरचंदं आणत नाहीत!"

"काकू, मी मृणाल. सीवूड्सवरून आलेय. काकांच्या ग्रुपची अॅडमिन."

म्हणजे ही ती मृणाल! मुलीच्या वयाची निघाली हो. आणि मी दीड वर्ष काय काय मनात आणलं होतं तिच्याबद्दल.

खरं सांगा, तुम्हाला माझा संशय कधी कळला होता का? रिटायर झालात, तळोज्याच्या कंपनीनं निरोपाला दिलेली बॅग कपाटावर गेली आणि आठवड्याभरात तुम्ही गिटार घेऊन आलात. मला वाटलं होतं, वडिलांसारखी गायन पार्टीतली ढोलकी तरी धराल. छे! साहेबांना गिटार. डाव्या हाताचं पहिलं बोट मशीनमध्ये सापडल्यापासून सरळ होत नव्हतं, आणि त्याच बोटानं सगळ्या तारा एकदम दाबायच्या होत्या. तो तुमचा एफ कॉर्ड का काय, तो आला की 'खट्ट' असा आवाज व्हायचा. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "आला वाटतं तुमचा खट्ट." तुम्ही हसायचात. आता विचार करते, प्रत्येक वेळी हसायलाच पाहिजे होतं का? एखाद्या दिवशी चिडला का नाहीत?

मग तो ग्रुप आला. 'सहावी तार' म्हणे! तुमच्यासारखेच शिकाऊ लोक, कोणी बँकेतला, कोणी शाळेतली बाई, आपापली गाणी करून टाकणारे. दर रविवारी गाणं टाकायचं, तेही न कापता, न सुधारता, जसं आलं तसं. आणि बाकीच्यांनी ऐकून त्यातली एक चांगली गोष्ट लिहायची, कितव्या मिनिटाला आली त्यासकट. नुसतं 'छान' लिहिलेलं चालायचं नाही. तुम्ही कौतुकानं सांगत होतात आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

अहो, मी शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलं. खोटे दाखले, खोट्या सह्या, आजारी नसलेल्या पोरांची आजारपणाची पत्रं, सगळं या हातांखालून गेलं. भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघणारी बाई मी. माझ्या नवऱ्याला लोक फुकटची शाबासकी देतायत, तर त्यांना पाहिजे तरी काय? एकदा तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा तुमचा फोन बघितला. हो, बघितला! मृणालनं लिहिलं होतं, "एक मिनिट चाळीस सेकंदांवर काका एफला अडखळले आणि तरी गात राहिले, तिथे गाणं मला जवळचं वाटलं." पुढे लाल बदाम. अडखळण्याचं कोण कौतुक करतं? एक तर ही बाई तुमची टर उडवत होती, नाही तर दुसरंच काही होतं. दोन्हीपैकी मला काहीच चालणार नव्हतं.

म्हणून मी बंडू झाले. हे तुम्हाला आता सांगण्यात काही अर्थ उरलेला नाही, ते काल कळलं. पण एकदा माझ्या तोंडानं सांगू दे. बंडू नावडेकर, राहणार नावडे, गिटार शिकतो, एकटा असतो. बाईच्या नावानं शिरले असते तर तुम्ही आणखीच खूश झाला असतात! आणि नावडे अशासाठी की तिथलं कोणी या भानगडीत नसेल असं वाटलं. तर तिथलीच ती नीलम निघाली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, कुठल्या बाजूला राहता? मी लिहिलं, कॉलनीत, मागच्या अंगाला. मागचं अंग सगळ्याच कॉलन्यांना असतं.

मला नुसतं बघायचं होतं. पण तो नियम! काही लिहिलं नाही तर ग्रुपमध्ये राहता येईना. मग एका रविवारी कान देऊन तुमचं गाणं ऐकलं आणि लिहिलं, "दुसऱ्या मिनिटाला खोकला आला तरी थांबला नाहीत, हे चांगलं." दहा मिनिटांत तुम्ही फोन घेऊन स्वयंपाकघरात हजर! "शालन, हा बघ कोणी बंडू नावडेकर. काय बारकाईनं ऐकतो माणूस!" मी कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "असेल कोणी रिकामटेकडा." तुमचा चेहरा मात्र बघितला मी, कढईच्या झाकणात.

त्यानंतर रविवार चुकला नाही. मी स्वतःला सांगायचे की लक्ष ठेवतेय. पण लक्ष ठेवता ठेवता मला तुमची गाणी पाठ झाली हो! एक चांगली गोष्ट शोधायची म्हणून तीन-तीनदा ऐकायचे, पदराखाली इअरफोन लपवून. आणि बाहेर येऊन म्हणायचे, किती वेळ ते ट्यांव ट्यांव. तुमचा तो कॅपो, तारांना लावायचा चिमटा, सापडत नव्हता ना आठवडाभर? मी पोह्यांच्या पुड्याला लावला होता. तुम्ही डबे धुंडाळताना पाहिला आणि काही न बोलता तिथेच ठेवलात, दुसरा आणलात.

मग ती चूक झाली. पारव्याचं गाणं आठवतं? आठवडाभर तुम्ही बाल्कनीत बसून ते जुळवत होतात. त्यात एक ओळ होती, "ती बोलत नाही, पातेलं वाजवते, मला तेवढा ठेका पुरतो." मी आत भाकरी थापत होते आणि हात थांबला. एवढ्या वर्षांत माझ्यावर कोणी ओळ केली नव्हती. रविवारी गाणं आलं, बंडूनं भराभर लिहून टाकलं, "पातेल्याच्या ठेक्याची ओळ फार मनाला लागली." आणि मिनिट टाकायला परत ऐकायला गेले, तर ती ओळ गाण्यात नव्हतीच! तुम्ही गाळली होतीत. म्हणजे ती घराबाहेर कोणी ऐकलेलीच नव्हती. पुसून टाकणार तेवढ्यात तुमचं उत्तर आलं, "बंडूशेठ, कान फार तिखट आहेत तुमचे."

मी दोन दिवस तुमच्याकडे चोरून बघत होते. तुम्ही चहा पीत होतात, पेपर वाचत होतात, वॉचमनशी क्रिकेटवर बोलत होतात. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही! मला वाटलं, सुटले. गाण्याच्या नादात माणसाला आपण काय गायलो आणि काय नाही याचं भान नसेल.

आता शेवटच्या रविवारचं सांगते, ते सांगायला मला जड जातंय. तुम्ही गाणं सुरू करायच्या आधी कॅमेऱ्यात बघून म्हणालात, "हे गाणं बंडूसाठी." मी तिथेच बंद केलं. हसू नका, पण मला त्या मेल्या बंडूचा मत्सर वाटला! तेहेतीस वर्षं तुमचे डबे मी भरले, बोट चेपलं तेव्हा महिनाभर पट्टी मी बदलली, आणि गाणं कोणासाठी, तर नावड्याच्या कुठल्या माणसासाठी, जो या जगातच नाही. म्हटलं, लिहीतच नाही या वेळी. बसू दे वाट बघत.

तीन दिवसांनी तुमच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात तुम्ही दोनदा फोन मागितलात. डॉक्टर नको म्हणाले होते, म्हणून मी दिला नाही. "काय एवढं अडलंय फोनवाचून?" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, बंडूनं काही लिहिलंय का बघायचं होतं."

तेव्हाच का नाही सांगितलं मी? तुमचा हात माझ्या हातात होता. एवढंच म्हणायचं होतं, अहो, मीच ती. जमलं नाही. वाटलं, घरी गेल्यावर सांगू, नाही तर बंडूकडूनच लिहून टाकू. तुम्ही घरी आलाच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते, आणि माझ्या मनात एकच होतं, हा माणूस घरातून एक चांगला शब्द न ऐकता गेला. दोन महिने हेच घेऊन बसले होते मी. कोणाला सांगणार?

म्हणून काल जेव्हा मृणालबरोबरच्या दुसरीनं, नावड्याच्या त्या नीलमनं, बंडूचं नाव काढलं तेव्हा माझ्या हातातली कडी हातातच राहिली.

आत बसवलं, पाणी दिलं. मृणाल म्हणाली, "काकू, आमच्यात एक पद्धत आहे. बरेच जण एकटे राहतात. एक काका आजारी पडले ते आम्हाला कळलंच नाही, तेव्हापासून तीन रविवार कोणी गप्प राहिलं की त्याला शोधायचं. काका गेले त्या आठवड्यापासून बंडूंचा एक शब्द नाही. आधी वाटलं, धक्का बसला असेल, म्हणून थांबलो. आता टेन्शन यायला लागलंय."

"आमी सगला नावडा पालथा घातला काकू," नीलम म्हणाली. "गिटारवाला बंडू तिकडं कोनालाच ठावूक नाय. मंग यादी बगितली."

यादी म्हणजे प्रत्येकाचा शोधायचा पत्ता. आपण गप्प झालो तर कोणाकडे विचारायचं, ते ज्यानं त्यानं लिहून ठेवायचं. मी ते रकाने रिकामे सोडले होते. खोट्या माणसाला पत्ता कुठला द्यायचा? मृणालनं फोन पुढे केला. बंडूच्या नावापुढे पत्ता होता. आपलाच. सेक्टर, सोसायटी, विंग, तिसरा मजला. भरणारा, कदम, म्हणजे तुम्ही. दिवस, पारव्याच्या गाण्यानंतरचा सोमवार. आणि खाली तुमची सूचना, "चौकशी आमच्याच घरी करणे. दार उघडायला वेळ लागेल, आधी भिंगातून बघतील, उलटतपासणी होईल. थांबावे. स्वभाव संशयी आहे, पण माझं गाणं यांच्याइतकं कोणी ऐकलेलं नाही."

अहो! आठ महिने! आठ महिने तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही दर रविवारी स्वयंपाकघरात येऊन मलाच माझं लिहिलेलं वाचून दाखवत होतात? "काय लिहितो गं हा माणूस!" आणि मी "असेल" म्हणत होते! केवढा आतल्या गाठीचा माणूस. मला एका शब्दानं विचारलं असतंत तर? मी कबूल केलं नसतं, उलट चार दिवस अबोला धरला असता, हे खरं आहे. पण विचारायचं तरी!

आणि ती ओळ मुद्दाम गाळली होतीत का? मला पकडायला? हा संशय आता माझ्याबरोबरच जाणार.

त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "बंडू बरा आहे. त्याच्या घरात दुःख झालंय, म्हणून गप्प आहे." नीलम काहीतरी बोलणार होती, मृणालनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांना सांगा काकू, घाई नाही. आम्ही वाट बघू." जाताना ती दारात मला बिलगली. कळलंय त्यांना, शंभर टक्के कळलंय.

त्या गेल्यावर पोह्यांच्या पुड्याचा चिमटा काढला आणि तुमच्या गिटारच्या पिशवीत ठेवला. पुड्याला रबर लावलं. तुमचं शेवटचं गाणं फोनवर उघडून समोर ठेवलं. "हे गाणं बंडूसाठी" एवढंच ऐकलंय अजून. पुढे बोट नेलं आणि मागे घेतलं. एकदा ऐकलं की तुमचं न ऐकलेलं असं काही उरणार नाही, म्हणून भीती वाटते.

पण रविवारी ऐकणार आहे, हा शब्द देते. हॉलमध्ये, इअरफोन न लावता, दार उघडं ठेवून. खट्ट आला तर त्याच्यासकट. मग त्याच्याखाली एक चांगली गोष्ट लिहीन, कितव्या मिनिटाला आली त्यासकट, आणि खाली नाव माझं घालीन. तुम्हाला फोन दिला नव्हता तेव्हा जे वाचायचं राहिलं, ते तिथे असेल.

तुमचीच,
शालन कदम,
जिला तुम्ही बंडूशेठ म्हणायचात