वाट्याला एकच कोर

मंगळवार, संध्याकाळ. आर्णी

ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सलीमनं आज कॉम्प्युटरचं वाटप केलं. जिनिंगच्या ऑफिसात आम्हा सगळ्यांपुढे नुसते पडदे; खरा कॉम्प्युटर एकच, यवतमाळला, इथून रिमोटनं त्यात शिरायचं. त्याच्या प्रोसेसरला काम वाटून घेणाऱ्या चार कोर. नंदाच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरला तीन दिल्या, माझ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एक. जशी भाकरीची चतकोर द्यावी!

"मले एकच काहून?" विचारलंच मी.

"ताई, काट्यावर कापसाच्या गाड्या उभ्या राह्यतात. तुमचा हिशेब जरा हळू चालला तं काय बिघडते?"

बरोबर आहे त्याचं. बोंडअळीनं यंदा कापूस आधीच कमी, खोळंबलेली गाडी सरळ दुसऱ्या जिनिंगला जाते. सगळं कळतं मला. पण नंदाला हे काम शिकवलं कोणी? मीच ना? आता ती पटापट पावत्या काढते आणि माझ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं. एक कोर!

दुपारी जेवताना नंदानं आपली भाकर मोडून एक कोर माझ्या डब्यात ठेवली. "घ्या ना ताई, गरम हाय अजून." तिला वाटपाचं माहीतही नसेल. मला लाजच वाटली. कायले जळून राह्यली मी या पोरीवर? घासही गोड लागला.

मग सलीमच्या डब्याकडे लक्ष गेलं.

त्याच भाकरीच्या बाकी तिन्ही कोरी तिथं होत्या.