जिन्याला हात लावायचा नाही

बाथ शहर, मंगळवार

लाडक्या मॉर्वेनाला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

अर्धं अंग लुळं पडल्यापासून तुझा मेहुणा एडगर वरच्या मजल्यावरच असतो. जिन्याला माणसाला वर-खाली नेणारी विजेची खुर्ची बसवायची परवानगी मिळाली नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याचे साहेब म्हणाले, "बाई, जिना अडीचशे वर्षांचा आहे, जपायला हवा."

एडगर वरून ओरडला, "आणि मला?"

काल मी पाव घेऊन परतले, तर रस्त्यावरचे पर्यटक आमच्या उंच खिडक्यांचे फोटो काढत हसून हात हलवत होते. वरून एडगरही हात हलवत होता. वर गेले, तर तो लघवीने ओल्या झालेल्या कपड्यांत बसलेला.

"तासभर त्यांना मदतीला बोलावतोय गं," म्हणाला आणि रडला.

आज तो खिडकीशी बसायलाच तयार नाही.

तुझीच,
हेस्टरताई