दहापैकी दोन

अकोला,
दि. १२ जानेवारी १९५९

चि. सौ. प्रमोदिनीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा गावातली पाच-सहा वजनदार मंडळी घरी आली आणि तुझ्या नानांचा जाहीर सत्कार ठरवून, दोन-दोन कप चहा पिऊन गेली. रविवार, दि. १५ फेब्रुवारी. नगरपालिकेचे हल्लीचे अध्यक्ष भगवंतराव पुढाकार घेत आहेत. नाना अध्यक्ष असताना त्यांनी सरकीचं जुनं गोदाम रिकामं करून तिथे गाण्याचं सभागृह केलं. नळ आधी की तबला आधी, म्हणून निम्म्या गावाची बोलणी खाल्ली, आणि तरी साऱ्या वऱ्हाडातल्या मुलामुलींची गायनस्पर्धा दरवर्षी भरवली. त्याबद्दल शाल, श्रीफळ आणि मानपत्र. लोक सभागृहाला अजून गोदामच म्हणतात, पण आता कौतुकानं.

नानांनी हसून मान डोलावली. कशाला डोलावली, ते मंडळी गेल्यावर मी त्यांना पाटीवर लिहून दाखवलं.

तुला तर ठाऊकच आहे. त्यांचे दोन्ही कान जाऊन दोन वर्षं झाली, आणि हे तू, मी व नागपूरचे डॉक्टर सोडून कुणालाही माहीत नाही. मैफिलीत मी बायकांच्या बाजूला, त्यांना दिसेन अशी बसते. गुडघ्यावर ताल धरते, तो बघून ते मान हलवतात. मी बांगडी मागे सारली की ‘वाहवा’ म्हणतात. मी नकाराची मान हलवली की गाणं बेताचं. गाण्याला जाणं बंद झालं तर हा माणूस घरात बसून माझ्या फोडणीतल्या मोहऱ्या मोजेल, म्हणून ही युक्ती मीच काढली. पण सत्काराला तीन भाषणं आहेत आणि वर त्यांना उत्तर द्यायचं आहे. भर सभेत हसं झालं तर? तू ये. एका अंगाला तू बस, एका अंगाला मी.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. जावईबापूंना एकट्यानं संपवू देऊ नकोस. माझी माया आहेच, तू लवकर निघ.

तुझी आई
गोदावरी

अमरावती,
दि. २० जानेवारी १९५९

ती. सौ. आईस प्रमोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला आणि तुझ्या जावयानं तो संपवलाही. मी रजेचा अर्ज दिला होता. पण मधेच एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

मी शिकवते त्या अध्यापिका वर्गाच्या वसतिगृहात यंदा हिवरखेडची कौशल्या नावाची मुलगी आली आहे. वडील सूर्यभान शेती करतात. परवा ती विहिरीपाशी धुणं धुताना गात होती. हातातल्या वह्या तशाच धरून मी उभी राहिले. आई, लहानपणापासून नानांच्या मांडीवर बसून मी गाणं ऐकलं, पण असा आवाज फार थोड्यांचा. मला पाहिलं आणि ती गप्प झाली.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. गेल्या वर्षी ती अकोल्याच्या स्पर्धेत गायली होती. परीक्षक एकटे नाना. दहापैकी दोन गुण, तेही फळ्यावर, सर्वांदेखत. नंबर लागला तर गाणं शिक, नाही तर मास्तरीण हो, असं वडिलांनी आधीच बजावलेलं होतं. मी नानांची मुलगी हे तिला माहीत नाही. ती म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते: “एवढे मोठे जानकार साहेब. त्याइनं दोन देले म्हंजे माह्या गळ्यात काहीच नाई. मंग कायले घसा कोरडा करू?”

नानांनी तर तिचं गाणं ऐकलंच नव्हतं. मग ते दोन गुण कुणाचे? तुझा हात त्या दिवशी काय करत होता? आठवून खरं खरं लिही.

आशीर्वाद मागते, आणि उत्तरही.

तुझी
प्रमोदिनी

अकोला,
दि. २७ जानेवारी १९५९

चि. सौ. प्रमोदिनीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. मला सगळं आठवलं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

पोपटी पातळ नेसलेली, सडसडीत मुलगी. तीच ना? ती गायला बसली आणि चहा करणारी पार्बताबाई मला बोलवायला आली, की बाई, चहाचं दूध नासलं, आता शंभर लेकरांले काय पाजू? मी उठून मागे गेले. दुसऱ्या दुधाची सोय लावून परत येते, तर मुलगी नमस्कार करून खाली उतरत होती. नानांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मला वाटलं, चहा झाला का म्हणून विचारतात. मी नकाराची मान हलवली.

एवढंच घडलं गं. नासलेल्या दुधापायी पोरीचं गाणं गेलं.

पण प्रमोदिनी, हात जोडते, आत्ता नानांना काही कळवू नकोस. रोज सकाळी ते उत्तराचं भाषण आरशासमोर पाठ करताहेत, आवाज किती चढला ते मला विचारताहेत. त्यांना एकदा शाल पांघरू दे. मग मी स्वतः सांगेन, आणि त्या मुलीसाठी नवीन पातळ पाठवीन. आपल्या माणसाचा मान आपणच नाही राखायचा तर कुणी राखायचा?

रागावली असशील. रागावलीस तरी माझीच आहेस.

आई

अमरावती,
दि. ४ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

पातळ पाठवू नकोस. तिला पातळाची वाण नाही.

तुझी दया येते, हसूही येतं आणि रागही येतो, तिन्ही एकदम. मला राहवलं नाही. मी कौशल्येला खोलीत बोलावलं, मी कुणाची कोण ते सांगितलं, आणि कान, बांगडी, दूध, सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या वह्यांचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाली, “म्हंजे माहं गानं कोनी आयकलंच नाई. मंग मी हरली कुठी?”

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी पुन्हा आवाज आला. मी खिडकी उघडली नाही, न जाणो पुन्हा गप्प व्हायची.

आता माझं ऐक. पंधरा तारखेच्या आत नानांना सांग. तू त्यांना सांगितल्याशिवाय मी त्या सभेला येणार नाही. त्या मुलीला रोज समोर पाहायचं आणि तिथे बसून टाळ्या वाजवायच्या, हे माझ्या हातून होणार नाही.

माझ्यावरचा लोभ या पत्रानं कमी करू नकोस.

प्रमोदिनी

अकोला,
दि. १७ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. प्रमोदिनीस नानांचे आशीर्वाद. वि. वि.

सत्काराच्या दिवशी सकाळी तुझ्या आईनं चहाबरोबर तुझी दोन्ही पत्रं माझ्यापुढे ठेवली. दुधाची हकीकत तिनं पाटीवर लिहिली. तीनदा पाटी पुसून तिनं पुन्हा लिहिली. मग ती देवघरात जाऊन बसली. चहा गार झाला.

मला राग आला तो तिचा नव्हे. गुण मी लिहिले. तीस वर्षं वकिली करताना ऐकीव माहितीवर बोलणाऱ्या साक्षीदारांना मी घाम फोडला, आणि इथे माझ्याजवळ तर ऐकीवसुद्धा काही नव्हतं.

सभा मोठी झाली. भगवंतराव बराच वेळ बोलले. त्यांच्या मिशा हलताना दिसत होत्या. तुझी खुर्ची रिकामी होती. तू आली नाहीस हे बरं केलंस, नाही तर मी तुझ्याच तोंडाकडे बघत बसलो असतो. शाल पांघरून झाल्यावर मी उठलो आणि म्हणालो, की आत्ता जे बोललं गेलं त्यातला एक शब्द मी ऐकलेला नाही. लोक हसले. त्यांना तो विनय वाटला. मग मी सगळं सांगितलं, दोन वर्षांचं. हिवरखेडच्या मुलीला न ऐकता दिलेले गुण मी रद्द केले, आणि परीक्षकाची खुर्ची आजपासून सोडली असं जाहीर केलं. लोकांचे हात मांडीवर थांबलेले दिसले.

खाली उतरलो तर गोदामाचा चौकीदार नत्थुजी पुढे आला. तुझ्या आईच्या हातातली पाटी घेऊन त्यानं लिहिलं, “साहेब, आमाले दोन सालापासून मालूम होतं. तुमाले वाईट वाटू नये म्हून कोनी बोललं नाई.” भगवंतरावांनी ते वाचलं आणि मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं! मी मोठ्यानं विचारलं, मग मला परीक्षक कशाला बसवलंत? माझा मान राखायला साऱ्या गावानं एक मुलगी खर्ची घातली आणि त्यात मीही होतो. त्या शालीत फार उकडायला लागलं.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं, बडनेऱ्याला बदलून, आम्ही दोघं तुझ्याकडे येतो. कौशल्येची मी उभं राहून माफी मागणार आहे. सूर्यभानलाही भेटीची वेळ मागणारं पत्र टाकलं आहे. ती गायली तर उपकार, नाही गायली तर चहा पिऊन परत येऊ. लोभ असावा असं लिहायची हिंमत आज होत नाही. रविवारी तोंडीच मागेन, तू लिहून उत्तर दे.

तुझे
नाना

ता. क. अमरावतीला कुठे बसलं म्हणजे मला हात दिसेल, असं तुझी आई कालपासून विचारते आहे. मी तिला सांगितलं, माझ्याकडे पाठ करून बस. दोन वर्षांत तिनं एकही गाणं स्वतःसाठी ऐकलेलं नाही.