याडीच्या गाडीची नवी चाकं

तीर्थस्वरूप लालसिंग भाऊजींना,

राळेगावच्या तांड्यावरून खेमसिंगचा रामराम आणि जय सेवालाल. तुमचा गुडघा आता वाकत असेल, आमच्या जयाबाईचा खोकला थांबला असेल आणि मारेगावात कापूस वेचायला बाया मिळत असतील, असं धरून चालतो. (फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही.)

गाडीला नवी चाकं बसवली हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण जुनी तुम्हीच "भंगारात कायले देतं बे?" म्हणत पाण्याच्या टाकीच्या ट्रॉलीला नेली. मला ही बुद्धी का झाली, ते मात्र तुम्ही विचारलं नाही. याडीला (म्हणजे तुमच्या सासूबाईंना) आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागतं. गाडी निघाली की सगळा तांडा दारात येतो आणि प्रत्येकाचं तोंड मयतीला आल्यासारखं. याडी एकदा वैतागून म्हणाली, "खेम्या, गाडी पाहूनच लोकं मले मेलेली धरून राह्यले." माझ्या जिव्हारी लागलं. ठरवलं, गाडी अशी करायची की लोकांनी आधी गाडीकडेच पाहावं.

यवतमाळात विक्कीच्या दुकानात चौदा इंचाच्या जागी सोळा इंची अलॉय पसंत केली, काळी, चकचकीत काठाची. विक्की भला माणूस. म्हणाला, "रिम मोठी घेतली त टायर बारीक घ्या, म्हणजे चाकाची उंची तेवढीच राह्यते." पण आपल्या रस्त्यावर बारीक टायर म्हणजे पहिल्याच खड्ड्यात रिम वाकलीच. मी हट्टाने जाड टायर मागितले. त्याने चाकं चढवून स्टेअरिंग दोन्हीकडे पार वळवून दाखवलं, कुठे लागत नव्हतं. गाडी तेव्हा रिकामी होती, एवढंच. आता तुम्हीच सांगा, तांड्यातली गाडी रिकामी चालते कधी?

पहिल्याच खेपेला मागे याडी आडवी, तिचं डोकं सुनेच्या, म्हणजे रुक्माच्या मांडीवर, आणि पुढे माझ्याशेजारी यवतमाळात काम निघालेले शामकाका. (तांड्यात कुणाची गाडी निघाली की कुणाचं ना कुणाचं काम निघतंच.) प्रत्येक उंचवट्यावर मागचा टायर वरच्या पत्र्याला घासायचा आणि रबर जळाल्याचा वास यायचा. याडी डोळे मिटूनच म्हणाली, "गाडी दात खाऊन राह्यली रे." शामकाका अर्ध्यात उतरून एसटीने गेले. त्यानंतर मी वाटेत कुणाला घेईनासा झालो, तर सगळे म्हणू लागले, चाकं आली आणि खेमसिंगला मस्ती आली. म्हणजे याडीकडे बघून पडलेली तोंडं आता माझ्याकडे बघून वाकडी होतात. एवढा तरी फायदा झाला म्हणायचा.

आम्ही तिघंच असलो तरी जाताना थोडं घासतंच. येताना मात्र नाही. रुक्मा म्हणते, मशीन अंगातलं साचलेलं पाणी काढतं, तेवढं ओझं कमी होतं. याडीला हे फार आवडलं. म्हणाली, "मंग मले सोडा अन् गाडीलेच मशीनवर ठेवा." नर्ससुद्धा हसली. भाऊजी, त्या खोलीत सहसा कुणी हसत नाही.

बाकी ठीक. जयाबाईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
खेमसिंग

ता. क. : पत्राचं खरं कारण हे की जुनी चाकं परत पाहिजेत. टाकी तूर्त विटांवर ठेवा. घासण्याच्या प्रत्येक आवाजाला याडी दचकते, ते मला बघवत नाही.

आणखी एक ता. क. : काल एवढं लिहून ठेवलं आणि आज याडीला नेऊन आणलं. जातानाही एकदासुद्धा घासलं नाही. मी इतका खूश झालो की मुद्दाम विक्कीकडे गाडी थांबवली. त्याने चाकामागे हात घालून बघितलं. टायर झिजलेले नाहीत, जागाही होती तेवढीच. म्हणाला, "गाडीतलं वजन कमी झालं असन." रुक्मा आहे तशीच आहे, मी उलट सुटलोय. घरी आल्यावर याडीला गाडीतून खाटेवर ठेवलं. तिला उचलायला दरवेळी रुक्माचा हात लागायचा, आज लागला नाही.

चाकं राहू द्या भाऊजी. ती काढण्यात वेळ जाईल. जयाबाईला घेऊन निघा.