आत्याचे फाटक आणि माझी शेवटची वाट

मी, फेर्मँ व्हाल्ग्रों, वय चोवीस, धंदा दगडी बांध रचणे, राहणार खालची वस्ती, कोम्यून व्हेरनासाल, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, म्हणून मंगळवारी शहरात शस्त्रक्रिया आहे.

१. घर व शेळ्या बहीण ओदेतला. छपराची उत्तरेकडची दगडी पाटी सुटली आहे, थंडीआधी बसवावी. हातोडे कामातला जोडीदार बास्त्याँला. लहान हातोडा त्याने आधीच नेला आहे. मागून मागून मी थकलो.

२. कुरण. आमच्याकडे ओढ्याच्या वर चर्च आणि दफनभूमी, खाली झरा आणि आम्ही. पूर्वी ही दोन गावे होती. १७८९च्या क्रांतीनंतर त्यांचे एक कोम्यून, म्हणजे एकच ग्रामपालिका, केले, तेव्हा कचेरी कुणाकडे यावरून इतके भांडण झाले की ती मधल्या माळावर बांधली. तिथे आजही कोणी राहत नाही. वस्त्यांमधली पायवाट आमच्या कुरणातून जाते. कुरण वडिलांचे व लेओंतीन आत्याचे; वडिलांचा अर्धा हिस्सा आता माझा. वाटणी कधीच झाली नाही. फाटकाचे कुलूप आत्याचे. शेजारी माणसापुरती फट आहे, तिच्यातून शवपेटी जात नाही.

आई गेली तेव्हा आत्या फाटकाला टेकून म्हणाली, "जिवंत माणसाला मी कधी अडवलंय का रे? पण मढं एकदा गेलं की वाट सगळ्यांची होते. मग गुरं काय चर्चमध्ये चारू?"

असा कायदा नाही, असे नोटरी म्हणाले.

"नोटरीकडे गुरं आहेत का?"

आईला डोंगराला वळसा घालून डांबरी रस्त्याने नेले. दफनभूमी आमच्या खिडकीतून दिसते.

मेयर रुव्हेरोल यांना किती सांगितले! ते म्हणतात, "पोरा, तुझ्या आत्याकडे मी मत मागतो, किल्ली नाही."

३. म्हणून मला कुरणातूनच न्यावे. वाटणी झालेली नाही, तेव्हा माझे खांदेकरी माझ्या अर्ध्यातून चालत नाहीत, हे आत्याने दाखवून द्यावे. त्यानंतर माझा हिस्सा कोम्यूनला, वाटेसाठी.

४. आईची जॅमची तांब्याची कढई आत्याला. आई होती तेव्हापासून ती मागते आहे. कढई माझ्या शवपेटीवर ठेवावी. आत्याने ती दफनभूमीत पोचल्यावर उचलावी. फाटकाच्या अलीकडे नाही.

साक्षीदार:
अंसेल्म रुव्हेरोल, मेयर (सही करताना म्हणाले, "जिवंत परत ये रे बाबा, मला त्या फाटकापुढे उभं करू नकोस.")
सोलांज पेरबॉस्क, शिक्षिका

फेर्मँ व्हाल्ग्रों
व्हेरनासाल, ११ ऑक्टोबर १९५८