स्टंपमागची जागा

११ सप्टेंबर

इफ्तारला दुलाभाई आले नाहीत. रुनू आपा, माझी बहीण, नवऱ्याची बाजू घेऊन म्हणाली, प्रॅक्टिस लांबली असेल. रमजानात, मगरिबच्या अजानीला, कसली प्रॅक्टिस? मी पियाजूची भजी खात राहिलो. फोन बंद. दाढीचं सामानही घरात नाही – हे भाची पिऊने सांगितलं, आणि आपल्या आईचा डोळा चुकवून सांगितलं.

म्हणजे लपवलेत.

दलबदलाच्या, म्हणजे क्लब बदलायच्या, दिवसांत ढाक्यातले क्लब खेळाडू लपवतात, हे आपाला काय सांगायचं? तिचं लग्न ठरलं तेव्हा नवरा मुलगा नारायणगंजच्या गोदामात आठवडाभर कॅरम खेळत होता. दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून फोन काढून घेतात, कच्ची बिर्याणी खाऊ घालतात आणि सहीच्या दिवशी बँड लावून बाहेर काढतात. मलाही एकदा लपवलं होतं – चुकून! नेटमध्ये पाठमोरा बसलो होतो. पॅड, हॅट, ग्लोव्हज. क्लबची पोरं आली, दुलाभाई समजून 'ओबायेद भाई, चला' म्हणाली आणि गाडीत घातलं. मला वाटलं, आपलेही दिवस आले. तिसऱ्या दिवशी मॅनेजर आला, तोंड पाहिलं आणि म्हणाला, 'अरे, हा तर दुसरा!' बसचं भाडं हातावर ठेवून परत पाठवलं. दर ईदला हा किस्सा घरात निघतोच. आब्बांना तर तो तोंडपाठ आहे.

पण हा दलबदलाचा महिना नाही.

१३ सप्टेंबर

मलाच न्यायला गाडी आली. ढाक्याबाहेर, सावारला फणसाच्या बागेत एक बंगला. आत निम्मा राष्ट्रीय संघ सतरंजीवर पडलेला, फोन सगळे एका बादलीत. कुणी पत्ते खेळतंय, कुणी इफ्तारची वाट बघतंय. भारतात नवी लीग निघालीय, तिचे संघ तिचे, टीव्ही तिचा, कपडे रंगीत. कुठल्याही देशाचं बोर्ड तिला मानत नाही. तिकडे जाईल त्याला इकडचं दार बंद. हे तिथे कुणालाच नवीन नव्हतं.

दुलाभाई मला बाजूला घेऊन गेले. "त्यांना दोन कीपर हवेत. मी तुझं नाव सांगितलंय. तिथे तरी मॅच खेळशील."

"आणि इथे?"

"इथे दहा वर्षं हाकलतील म्हणतात. हाकलू देत. माझी काय दहा वर्षं उरलीत?"

माझी उरलीत. मी सत्तावीसचा. सहा वर्षं संघाबरोबर फिरतोय, पाच देश पाहिले, एकही मॅच खेळलो नाही. पाणी नेतो, ग्लोव्हज बदलून देतो, कॅप्टनचा निरोप पोचवतो. स्टंपमागची जागा त्यांची.

माझ्या तोंडाकडे बघून ते हसले. "काय मेव्हणे, जागा रिकामी होतेय हाच विचार ना?"

रोजा आहे, डोकं चालत नाही, असं काहीतरी म्हणालो.

१४ सप्टेंबर

विचार करतोय असं कळवलंय. खरं तर न जायचं सावारच्या दारातच ठरलं होतं.

१७ सप्टेंबर

दहा वर्षं. सगळ्यांना. बोर्डाच्या कुठल्याही मैदानावर खेळायचं नाही, नेट नाही, जिम नाही. त्यांच्याबरोबर जो खेळेल त्यालाही तीच शिक्षा.

बोर्डाचे खोंदकार साहेब पत्रकारांपुढे मला शेजारी घेऊन बसले. खांद्यावर हात. 'देशाशी इमान राखणारा मुलगा' वगैरे. याच साहेबांनी मागच्या वर्षी मला कँटीनचा पोऱ्या समजून दोन चहा सांगितले होते – आणि मी आणून दिले होते. माइक पुढे आला. का गेला नाहीस? मी म्हणालो, देशासाठी.

जागा रिकामी झाली म्हणून. इथे तरी खरं लिहायला काय जातं?

२ ऑक्टोबर, ईद

आपाने शेवया दिल्या. बोलली नाही. वाटी पुढ्यात ठेवली ती जरा जोरातच. गोदामाचा किस्सा, माझा किस्सा, काहीच निघालं नाही. खुलन्याहून आब्बांचा फोन. "देशाची टोपी कधी मिळणार?" मग, "आणि जावयाचं काय?" मी फोन आपाकडे दिला.

दुलाभाई परवा जायचेत. तीन वेळा गळाभेट झाली, रीतीप्रमाणे. तिसऱ्या वेळी कानाशी म्हणाले, "उजवीकडे जाताना टाच आधीच उचलतोस. बॉल येईपर्यंत टेकलेली असू दे." बस, एवढंच. मला वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

टोपी मिळाली. मीरपूरचं मैदान अर्धं रिकामं. एकाने पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं – 'ओबायेद कुठाय?' दिवसभर तो पुठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर.

एक कॅच घेतला. एक सोडला, उजवीकडचा. पाण्याच्या वेळी सगळे आडवे झाले आणि मी सवयीने सीमारेषेकडे ट्रे आणायला निघालो! स्लिपमधून कुणीतरी हाक मारली, तेव्हा भानावर आलो. सगळे हसले. मीही.

१९ ऑक्टोबर

टीव्हीवर परत पाहिलं. टाच उचलली होती.

९ नोव्हेंबर

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर लीगची मॅच लावलेली. चिक्कार गर्दी. 'गद्दार, देश विकला' चाललंय, आणि कुणी चॅनेल बदलायला गेलं तर अंगावर धावतायत. दुलाभाई अंगभर जांभळ्या कपड्यांत. फिरकीवर फलंदाज जरा पुढे आला, बॉल हुकला – बेल्स कधी उडाल्या ते कुणाला कळलंसुद्धा नाही. माझ्या हातून टाळी वाजली. सगळी टपरी माझ्याकडे वळून बघायला लागली. टपरीवाला म्हणाला, "आपलाच माणूस आहे रे. वाजवू दे." 'आपला' म्हणजे कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही.

४ मे

लीग बुडाली. एक मोसम पुरा झाला आणि दुसरा सुरूच झाला नाही. सगळे परत आलेत.

मला या बातमीचा आनंद झाला का? आधी माझ्या जागेची आठवण झाली आणि मग आपाची. हा क्रम लिहून ठेवतो.

२१ जून

दुलाभाई खेप खेळतायत. आपानेच सांगितलं – आता थोडंफार बोलते. शेतातलं भात उचलून झालं की गावोगावी टूर्नामेंटा लागतात. बाहेरचा खेळाडू पैसे देऊन एका दिवसापुरता आणतात – हीच खेप – मटणभात घालतात, मान देतात. बोर्डाला कळू नये म्हणून नाव दुसरं लावायचं. कुठे हे 'ढाक्याचे मुन्ना भाई' असतात, कुठे अजून कुणी.

जेवताना दुलाभाई स्वतःच म्हणाले, "मदारीपूरला 'टुटुल' म्हणून तुझंच नाव सांगितलं. राष्ट्रीय कीपर म्हटल्यावर माशाचं डोकं माझ्या पानात आलं. तुझं नाव चालतं हं मेव्हणे!" सगळे हसले. आपा हसली, पिऊ हसली. किती महिन्यांनी हसले! मी पण हसलो, आणि आत कुठेतरी बरं वाटलं. माझं नाव चालतं.

२० ऑगस्ट

बोर्ड नरमलंय. वर्षभरात संघ इतका हरला की लोकांनी पुठ्ठ्यांवर आणखी काय काय लिहायला सुरुवात केली. लीगशी संबंध तोडलेल्यांना परत घेणार. अट एकच – बंदी उठवायचा निकाल लागेपर्यंत परवानगीशिवाय कुठेही खेळायचं नाही. खेप खेळताना कुणी सापडला तर दहा वर्षं तशीच. आम्हा बोर्डाच्या करारातल्यांना खेप आधीपासूनच बंद आहे.

आपाने दुलाभाईंची किट कपाटात टाकून कुलूप लावलंय. किल्ली पदराला. "बघूच आता," म्हणाली.

किट काय, कुठेही उसनी मिळते. हे मी तिला सांगितलं नाही.

निकाल ऑक्टोबरात. दुलाभाई परत आले तर मी कुठे, हे मला कुणी सांगायला नको.

१४ सप्टेंबर

खोंदकार साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर एक पोस्टर आणि एक फोटो.

बागेरहाटची टूर्नामेंट, रमजान लागायच्या आदल्या शुक्रवारी. पोस्टरवर 'राष्ट्रीय संघाचा कीपर टुटुल खेळणार'. तिथल्या हरलेल्या संघाने तक्रार केलीय. फोटो दोरीमागून काढलेला, कीपर पाठमोरा. पॅड, हॅट, ग्लोव्हज.

त्या शुक्रवारी मी माझ्या खोलीत दाढदुखीने पडून होतो. एकटा. हे त्यांना सांगितलं.

"मला ठाऊक आहे तू नव्हतास," साहेब म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. "तू असं करणार नाहीस. मग हा कोण ते सांग. नाव तेवढं तुझ्या तोंडून येऊ दे, विषय संपला. तुझी जागा तुझीच."

मी फोटो हातात घेतला. तसं बसणं मी दुलाभाईंकडून शिकलो, पंधरा वर्षांचा असताना, रूपशा नदीच्या काठच्या मैदानावर. डावं पाऊल किंचित वळलेलं, करंगळी मातीला लागलेली. सगळं माझ्यासारखं. फक्त टाच – दोन्ही टाचा टेकलेल्या.

म्हणजे मी नाही. आणि मी नाही तर मग दुसरं आहे कोण?

साहेबांनी उद्यापर्यंत वेळ दिलाय.

राग आला. आपाने कुलूप लावलं, तरी हा माणूस गेलाच! आणि गेला तर गेला, पूर्वी मुन्ना होता तसा मुन्ना व्हायचं होतं. माझं नाव कशाला? माशाच्या डोक्यासाठी?

आज इफ्तारला आपाकडे गेलो नाही. रस्त्यावरच खजूर खाल्ला.

१५ सप्टेंबर

"मीच होतो सर," म्हणालो.

साहेबांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला. मग म्हणाले, "टुटुल, तुला कळतंय ना तू काय म्हणतोयस?" कळत होतं. करार रद्द, वर्षभर बाहेर.

देशासाठी वगैरे काही नाही. एक नाव घ्यायचं होतं, ते तोंडातून बाहेर पडेना. दुलाभाईंनी वाढलेल्या ताटावर मी वर्षभर जेवलो. वाढणाऱ्याला हाताला धरून बाहेर काढणं माझ्याच्याने झालं नाही. घरी येताना रडलो. रिक्षावाल्याने विचारलं, कोण गेलं? कुणी नाही म्हणालो.

१६ सप्टेंबर

पेपरात आलं. 'इमानी' टुटुल खेप खेळताना पकडला गेला. त्याच पत्रकारांनी लिहिलंय. आब्बांचा फोन आला, उचलला नाही.

८ ऑक्टोबर

बंदी उठली. लगोलग दौऱ्याचा संघही लागला. कीपर – ओबायेद. आपा फोनवर रडत होती, नीट बोलताही येईना. जेवायला बोलावलंय. आब्बा खुलन्याहून चुई झाल घेऊन आलेत, मटणात घालायला. तशी तिखट काडी ढाक्यात मिळत नाही म्हणतात.

९ ऑक्टोबर

मटण झकास झालं होतं. आपाने माझ्या पानात दोनदा वाढलं. किस्सा निघाला – गोदाम, कॅरम, 'हा तर दुसरा!' आब्बांनी मॅनेजरची नक्कल केली.

दुलाभाई मात्र घुश्शात. जेवून हात धुतले. मग सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं. "एक महिना दम धरवला नाही? मी माझी किट कपाटात कोंडून बसलो, आणि तू करार हातात असताना खेप खेळायला गेलास?" मी खाली मान घालून ऐकून घेतलं. वाटलं, आपासमोर नाटक करतायत. चांगलं करतायत.

जिन्यात दोघेच होतो तेव्हा म्हणालो, "आता पुरे. फोटो मी पाहिलाय. टाचा टेकलेल्या होत्या."

"कुठला फोटो?"

"बागेरहाटचा. रमजानच्या आदल्या शुक्रवारचा."

ते जिन्यातच थांबले. "त्या शुक्रवारी आम्ही कुमिल्लाला होतो. माझ्या मामेबहिणीचं लग्न. मासे मी वाढले. तुझ्या आपाला विचार."

वर जाऊन आपाला विचारलं. तिने पदराची गाठ सोडून किल्ली दाखवली आणि मग लग्नाचे फोटो. सगळ्यांत दुलाभाई आहेत.

१० ऑक्टोबर

म्हणजे तिसरा कुणीतरी आहे. कुठला, ठाऊक नाही. माझं नाव लावतो, आणि टाचा टेकून बसतो.